वाचनालयाच्या आवारात बाग करायची आहे, पण पाणी भिंतीलगत थांबतं

तवंदीघाट: निपाणीजवळच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं नूतनीकरण झालंय. पश्चिमेला, खिडक्यांसमोर ४० बाय ६० फूट मोकळी जागा. माती काळी, जोतं दीड फूट. कमिटीला भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा, मध्ये पेव्हर ब्लॉक आणि एक गुलमोहर पाहिजे. पावसात पाणी भिंतीशीच थांबतंय. काय करावं?

मुरूम_वाळू: वाफा आधी रद्द करा. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीशी रोज पाणी पडलं की तेवढाच पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. शिवाय पायाभोवती वाळवीचं औषध सोडलं असेल तर खणताना तो थर तुटतो. आत पुस्तकं आहेत, वाळवीला आणखी काय पाहिजे?

तिथं तीन फुटांचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे भिंतीलगत काँक्रीटचा पट्टा करा, बाहेर पाऊण इंच उतार, पुढं गटार. भिंत आणि काँक्रीटमधला अर्धा इंच सांधा डांबरानं भरा. सिमेंट एका उन्हाळ्यात सुटतं.

पेव्हरखालची दीड फूट माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबा, वर सव्वा इंच वाळू. चालायला ६० मिमीचा ब्लॉक पुरे, गाडी येते तिथं ८०. खणलेला तळसुद्धा गटाराकडं उतरता पाहिजे. हे बहुतेक जण विसरतात, मग मुरमाखाली हौद होतो आणि ब्लॉक खचतात.

बकुळफूल: गुलमोहर नकोच. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, वरवरची मुळं पेव्हर उचलतात. बहावा देखणा, पण ऐन उन्हाळ्यात पानं झडलेली. सोनचाफा खानापूरच्या तांबड्या मातीत मस्त येतो, इथं पाणी तुंबलं की मुळं कुजतात.

बकुळ लावा, कुंपणाच्या चार फूट आत. काळ्या मातीत झाडाच्या पूर्ण उंचीइतकं अंतर भिंतीपासून सोडावं, ते ४० फुटांत कसंबसं बसतं. वाढ हळू, म्हणून आठ-दहा फुटी रोपंच आणा. खड्डा तीन फूट, बुंधा जमिनीपेक्षा तीन इंच वर. तीन वाजताचं ऊन मात्र बकुळीनं अडणार नाही, त्याला छज्जा किंवा चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदाच.

तवंदीघाट: आणि रॅम्प?

मुरूम_वाळू: उतार १ ला १२, म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट लांब, चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. वरती दारापुढं पाच फूट सपाट जागा सोडा, नाहीतर चाकाची खुर्ची वळत नाही. पॉलिश ग्रॅनाइट बसवू नका, पावसात घसरतं.