प्रवासात खाल्लेलं घरी करताना ती चव का येत नाही? तिथे असताना नेमकं काय बघायचं?

रांधणारी:

नमस्कार मंडळी,

मला स्वयंपाकाची आवड आहे, प्रवासाचीही आहे, आणि आता या दोन आवडी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. कुठे जायचं ठरलं की मी आधी तिथला बाजार किती वाजता भरतो ते शोधते, मग बाकीचं ठरवते. म्युझियम राहिलं तर चालतं, पण सकाळचा बाजार चुकलेला चालत नाही. कोणती पालेभाजी कशी बांधून ठेवलीये, मासे कसे मांडलेत, लोक काय हातात घेऊन वास बघतात आणि काय नुसतं बोटाने दाबून परत ठेवतात, हे बघण्यात मला जो आनंद होतो ना तो दुसऱ्या कशात होत नाही. परत आल्यावर बॅग पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच तिथलं काहीतरी करायला घेतलेलं असतं.

आता प्रश्न. पदार्थ बिघडत नाही, घरचे आवडीने खातात, पण ती चव येत नाही. थायलंडमध्ये खाल्लेल्या हिरव्या करीत एकेक वास वेगळा कळत होता, घरी सगळं मिळून एकच काहीतरी लागतं. नेपल्सच्या पिझ्झ्याची कड फुगलेली, वरून काळे ठिपके आणि आत अगदी मऊ, घरी तीच कड कडक होते. आणि जपानी सूप तर दिसायला पाण्यासारखं स्वच्छ असूनही तोंडात चव रेंगाळत राहायची, घरी मात्र नुसतं खारट पाणी. रेसिपी त्याच, सामानही बरंचसं तेच.

तर तुमच्यापैकी जे लोक असं करतात त्यांना विचारायचंय, तिथे असताना तुम्ही काय बघता, काय विचारता, काय लिहून ठेवता आणि सामानात काय आणता? फक्त "तिथलं पाणी, तिथली हवा" हे उत्तर नको प्लीज, ते मला सगळेच देतात.

मोठाजाळ:

माझ्या मते पहिली गोष्ट बघायची ती आच. लोक मसाला विचारतात, प्रमाण विचारतात, फोटो काढतात, पण जाळ किती आहे आणि पदार्थ त्यावर किती वेळ आहे हे कोणी बघत नाही.

तुमचा पिझ्झाच घ्या. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तळ साधारण ४३० अंश सेल्सिअस असतो आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदात बाहेर येतो. घरचा ओव्हन बहुतेक २५० च्या आसपास थांबतो. म्हणजे तोच पिझ्झा घरी सात-आठ मिनिटं आत राहतो, तेवढ्या वेळात कडेतलं पाणी उडून जातं आणि ती कडक होते. मैदा बदलून, टोमॅटो बदलून काहीही होणार नाही. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नेपल्सचं जे आलं ते सुद्धा पिझ्झा म्हणून आलं नाही, पिझ्झा करणाऱ्यांची कला म्हणून आलं, म्हणजे पीठ हाताने पसरवणं, भट्टी सांभाळणं, आत फिरवत राहणं हे सगळं. ते हात आणि ती भट्टी हाच पदार्थ आहे.

घरी काय करायचं तर जाड लोखंडी प्लेट किंवा पिझ्झा स्टोन ओव्हनच्या वरच्या खणात ठेवून तासभर तापू द्या, शेवटी वरचा ग्रिल लावा. आणि पीठ जरा सैल भिजवा. नेपल्सच्या पिठात तेल नसतं, साखर नसते, त्यांना गरजच नाही, पण घरच्या कमी आचेला थोडं तेल आणि चिमूटभर साखर घातली तर रंग लवकर येतो आणि कड मऊ राहते. म्हणजे रेसिपी तंतोतंत पाळली तर चव लांब जाते आणि आपल्या आचेप्रमाणे बदलली तर जवळ येते, हे मला फार आवडतं.

कढईतल्या चायनीज किंवा थाई परतण्याचंही हेच. भाजी-मांसाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही आणि खमंगपणा येतो तो साधारण १४० च्या पुढे. गाडीवरचा माणूस एका वेळी एकाच माणसापुरतं करतो, घरी आपण चार जणांचं एकदम टाकतो, कढई गार पडते, पाणी सुटतं, आणि परतण्याऐवजी शिजवणं होतं. तिथे उभं राहून बघा, एका वेळी कढईत किती पडतंय आणि किती सेकंदात उतरतंय. घड्याळ लावून बघा अगदी.

खलबत्ता:

मोठाजाळ यांचं पिझ्झ्याबद्दल पटलं पण हिरव्या करीचं उत्तर आचेत नाही, ते वाटणात आहे.

थाई करीची पेस्ट खलबत्त्यात कुटतात, आणि कुटायचा क्रमही ठरलेला असतो, आधी कोरडं आणि चिवट, ओलं आणि मऊ नंतर. मिक्सरचं पातं कापतं आणि खलबत्ता चिरडतो, चिरडल्याने गवती चहाचे, गलांगलचे (आल्यासारखं दिसणारं थाई मूळ) धागे फुटून आतलं सुगंधी तेल बाहेर येतं. शिवाय मिक्सर फिरावा म्हणून आपण पाणी घालतो आणि मग ती पेस्ट परतलीच जात नाही, नुसती उकळते. रांधणारी, "सगळं मिळून एकच लागतं" असं जे तुम्ही म्हणताय ना, मला तरी हेच कारण वाटतं.

दुसरं म्हणजे नारळाचं दूध. पारंपरिक पद्धतीत आधी नुसतं घट्ट दूध आटवतात, त्याला तेल सुटेपर्यंत, आणि त्या सुटलेल्या तेलात पेस्ट परततात. वास तेलात विरघळतो, पाण्यात तेवढा नाही, म्हणून ही पायरी फार महत्त्वाची. पण डब्यातल्या बऱ्याच नारळाच्या दुधात ते फुटू नये म्हणून इमल्सिफायर घातलेला असतो, मग तुम्ही कितीही आटवा, तेल सुटणार नाही. लेबल वाचा, नुसता नारळ आणि पाणी असलेलं घ्या, नाहीच मिळालं तर सरळ चमचाभर तेल घालून त्यात पेस्ट परता.

गलांगलच्या जागी आलं घालू नका, दिसायला भाऊबंद आहेत पण वास पूर्ण वेगळा. मकरूट लिंबाची पानं वाळलेली घेण्यापेक्षा फ्रीझरमधली घ्या, वाळल्यावर त्यातलं फार थोडं उरतं. आणि एक गोष्ट तिथे नक्की बघण्यासारखी, गॅस बंद करायच्या आधी तिथल्या बायका चमच्याने चव घेऊन फिश सॉस आणि ताडगूळ पुन्हा थोडं थोडं घालतात. हे कुठल्याच लिहिलेल्या रेसिपीत नीट येत नाही कारण रोजचं प्रमाण वेगळं असतं, मिरच्या वेगळ्या असतात. विचारायचंच असेल तर "किती घातलं" असं विचारू नका, "आत्ता का घातलं" असं विचारा.

सूपप्रेमी:

जपानी सूपचं मी सांगतो, माझा अत्यंत आवडता विषय.

त्या स्वच्छ पाण्याला दाशी म्हणतात, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे धूर देऊन वाळवलेल्या माशाचे पातळ कीस, बस, एवढंच. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या टोकियोतल्या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मग १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांनी माशाच्या किसातलं इनोसिनेट शोधलं. गंमत अशी की ही दोन एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून दोन्हीपैकी एक गाळलं आणि दुसरं वाढवलं तर ते जमत नाही. मासा खात नसाल तर वाळलेले शिताके मशरूम रात्रभर फ्रीजमध्ये गार पाण्यात भिजवा, त्यातलं ग्वानिलेट तेच काम करतं.

कृती: लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोंबू अर्धा तास भिजत ठेवा, मग अगदी मंद आचेवर ६० अंशांच्या आसपास नेऊन तिथे जमेल तेवढा वेळ राहू द्या, उकळी फुटायच्या आधी कोंबू काढा. उकळला की बुळबुळीत आणि समुद्रासारखा उग्र होतो. मग गॅस बंद करून वीसेक ग्रॅम कीस टाका, तो खाली बसला की गाळा. पिळू नका.

आणि आता तुम्ही नको म्हणालात तेच सांगतो, इथे पाण्याने खरंच फरक पडतो. जपानचं पाणी बहुतांश ठिकाणी हलकं आहे, क्षार कमी. क्षाराच्या जड पाण्यात कोंबूचा अर्क नीट उतरत नाही. दाशीत पाण्याशिवाय आहेच काय, त्यामुळे लगेच कळतं. करीत नाही कळणार.

जाता जाता, "तिथली हवा" पण अगदीच खोटी नाही. साधारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उकळबिंदू एक अंशाने खाली येतो, म्हणजे बोलिव्हियातल्या ३६०० मीटरवरच्या ला पाझमध्ये पाणी ८८ ला उकळतं. तिकडची कडधान्याची कृती आणि वेळ आणून समुद्रकाठी वापरली तर सगळ्याचा लगदा होईल.

रांधणारी:

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार! पाण्याचं मी मागे घेते, असं कारण देऊन कोणी सांगितलंच नव्हतं 🙂 खलबत्ता, "आत्ता का घातलं" हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि हो, मी पेस्टमध्ये पाणी घालतेच मिक्सरसाठी.

आता सामानाचं कोणीतरी सांगा ना, काय आणण्यासारखं असतं?

पिशवीभर:

माझा नियम, जे आंबवलेलं आहे किंवा वेगळ्या प्रक्रियेतून गेलंय ते आणायचं, कारण ते घरी होत नाही. नुसते मसाले पिशव्या भरभरून आणू नका, वास उडून जातो. सिचुआन मिरी आणली तर अख्खी आणि थोडीच आणा, जिभेला मुंग्या आणणारा गुण जुनी झाली की राहत नाही. पण त्याच सिचुआनमधली पिशियानची बीन पेस्ट, दोउबानजियांग, महिनोन्महिने मुरलेली असते, मापो टोफू (तिथला तिखट टोफूचा पदार्थ) तिच्याशिवाय होतच नाही. ती आणा.

मेक्सिकोचं उदाहरण तर फार बोलकं आहे. टॉर्टियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग दळतात. साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया नीट लाटली जात नाही, तुटते, आणि तो वासही येत नाही, मग जाळ केवढाही मोठा ठेवा (मोठाजाळ, राग मानू नका). चुन्याने मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्वही शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपात मका गेला पण ही पद्धत सोबत गेली नाही आणि मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांत नियासिन कमी पडल्याने होणारा पेलाग्रा नावाचा आजार पसरला. मला हे वाचल्यापासून कोणाच्याही स्वयंपाकातली "उगाच वाटणारी" पायरी गाळावीशी वाटत नाही. आणायचं काय, तर मासा हारिना, म्हणजे प्रक्रिया केलेलंच पीठ.

आणि नियम बघून आणा हं. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरला खसखस चालत नाही, साधी स्वयंपाकाची असली तरी अडचण होते, तिथून फक्त विमान बदलणार असाल तरी सांभाळा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस, दूध, चीज प्रवासी सामानात नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहाच, लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड.

वहीपेन:

वाचतेय मघापासून, सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत पण यातलं कुठलं कारण आपल्या पदार्थाला लागू आहे हे ठरवायचं कसं? मी एक करते, राहायची जागा घेतानाच स्वयंपाकघर असलेली घेते आणि तिथे असतानाच तो पदार्थ एकदा करून बघते. तिथल्याच बाजारातलं सामान, तिथलंच पाणी, फक्त हात माझे. तिथे चव आली आणि घरी नाही आली तर सामान किंवा पाणी. तिथेही नाही आली तर माझ्या पद्धतीत काहीतरी सुटतंय, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर जाऊन परत बघता येतं, घरी आल्यावर ते कुठून बघणार?

शहरं कमी करा पण एका ठिकाणी जास्त राहा, एवढं मात्र लागतं त्याला. आणि खाताखाताच लिहा, रात्री हॉटेलवर जाऊन नाही. मी तीनच गोष्टी लिहिते, पहिला वास कशाचा आला, कुरकुरीत-मऊ काय होतं, आणि गिळल्यावर काय उरलं. पदार्थाचं नाव, फोटो नंतर मिळतात, हे नंतर आठवत नाही.

रांधणारी:

वहीपेन, हे किती साधं आणि किती उपयोगी आहे! पुढच्या वेळी स्वयंपाकघर असलेलीच जागा.

सूपप्रेमी, एक शेवटचं, माझ्याकडचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. दाशीसाठी काय करू, बाटलीचं घेऊ का?

सूपप्रेमी:

बाटलीचं घेणार असाल तर मागच्या लेबलवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे बघा, कमीत कमी असलेलं घ्या, मिनरल वॉटर सगळंच हलकं नसतं, काही तर नळापेक्षा जड असतं. पण आधी फुकटातलं करून बघा, पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि तळाचं न हलवता वरचं ओतून घ्या. किटलीत जो थर बसतो तोच इथे तळाशी बसतो. सगळा जडपणा जात नाही पण बराच जातो. दोन पातेल्यांत शेजारी शेजारी करा, एकात नळाचं आणि एकात हे, मीठ न घालता दोन्ही कोमट असताना चाखा, आणि काय वाटलं ते इथे लिहा नक्की.