क्रूझवर लॅपटॉपशिवाय फोटोंचा बॅकअप – मदत हवी आहे

१२ दिवसांच्या क्रूझवर जातोय, लॅपटॉप नेणार नाहीये. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढतो, एक फोटो साधारण २५-३० एमबी, म्हणजे दिवसाला ४००-५०० फोटो धरले तर १०-१५ जीबी. जहाजावरचं वायफाय सॅटेलाइटचं, त्यामुळे क्लाउडचा विचार सोडून दिलाय. कॅमेऱ्यात कार्डाचा स्लॉट एकच. जास्तीची कार्डं घेतलीयेत, ट्रिपभर एकही फॉरमॅट करणार नाही, पण दुसरी कॉपी हवीच.

घरी टाइप-सी हबला (फोनच्या एकाच पोर्टला अनेक गोष्टी जोडणारा डबा) कार्ड रीडर आणि १ टीबी एसएसडी (बाहेरून जोडायची ड्राइव्ह) लावून अँड्रॉइड फोनवरून कॉपी करून बघितलं. आधी एसएसडी दिसेचना, ती एनटीएफएस (विंडोजच्या) पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, एक्सफॅट (फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालणाऱ्या) पद्धतीने केल्यावर लगेच दिसली. पण सात-आठ जीबी झाले की मध्येच डिस्कनेक्ट होते. केबल बदलून पण तेच. शेवटची फाइल अर्धवट राहते, नाव बरोबर, थंबनेल पण दिसतं, उघडली की खालचा अर्धा फोटो नुसता करडा. पोटात गोळाच आला बघून.

हबला पॉवर नाहीये. चार्जर लावता येणारा हब घेतला तर हे थांबेल का? आणि सगळ्या फाइल्स पूर्ण आल्यात हे इंटरनेटशिवाय फोनवरच कसं तपासता?