लँडिंग लाइटच्या कोनाड्याला आतून कुठला रंग द्यावा?

गॅरेजमधला_पंख

नमस्कार मंडळी. ॲरिझोनात चँडलरला घरच्या गॅरेजमध्ये आरव्ही-७ हे सुट्या भागांच्या संचातून घरी बांधायचं छोटं विमान बांधतोय, हे सहावं वर्ष. गेल्या दोन शनिवार-रविवारी दोन्ही पंखांच्या लीडिंग एजला, म्हणजे पुढच्या कडेला, लँडिंग लाइटसाठी खाचा कापल्या. पूर्ण रिव्हेट मारून झालेल्या पंखावर करवत धरताना पहिल्या दिवशी अर्धा तास नुसता बसून होतो.

आता दोन रिब्जच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या फासळ्यांच्या, मध्ये एक पोकळी दिसते. मागे स्पार (पंखाचा मुख्य लांब कणा), पुढे वाकवलेली ॲक्रिलिकची काच येणार. मी तिला कोनाडाच म्हणतो. वाईजवळ आजोळी दिव्याचा असा कोनाडा होता आणि दिवाळीआधी आजी त्याला न चुकता चुन्याचा हात द्यायची. काजळीने भिंत काळी झाली की उजेड गिळते, म्हणायची. त्यामुळे माझं मन पांढऱ्याकडे ओढतंय. पण इथल्या विमानतळावर पाहिलेल्या चार आरव्हींपैकी दोन आतून मॅट काळ्या, एक आरशासारखी पॉलिश केलेली, आणि एकीला नुसता हिरवा प्रायमर.

दिवे एलईडी आहेत. खासगी उड्डाणाला लँडिंग लाइट नियमाने सक्तीचा नाही, भाड्याने उडवलं तर लागतो. पण मला रात्री उडायचंय, बायकोला शेजारी बसवून. म्हणून हे नुसतं शोभेचं काम नाही. तुम्ही काय केलंत आणि का?

पावसाळी_एव्हरेट

मॅट काळा, डोळे मिटून. मी वॉशिंग्टन राज्यात उडतो, इथे वर्षातले निम्मे दिवस हवेत पाणी असतं. ती काच लीडिंग एजला वळसा घालून वरपर्यंत येते ना, त्या वरच्या भागातून कोनाड्यातला उजेड थेट तुझ्या डोळ्यांच्या बाजूला सांडतो. कोरड्या हवेत जाणवणार नाही. धुक्यात किंवा रिमझिम पावसात पंखाच्या टोकाकडे दुधाळ गोळा उभा राहतो आणि धावपट्टीकडे बघताना तोच डोळ्यांत भरतो. माझा कोनाडा आधी पांढरा होता. दोन रात्री उडालो आणि काच काढून काळा केला.

ओझरचे_काका

मी ओझरच्या विमान कारखान्यात ३१ वर्षं पत्रा आणि रंग या दोनच गोष्टी केल्या. आमच्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ साली बीकेसीच्या प्रदर्शनात बघून आलो, तेव्हापासून तुम्हा मंडळींचं लिखाण आवर्जून वाचतो.

चिरंजीव, कोनाडा फिकाच ठेवा. रिबच्या वळणावरची केसाएवढी तडा, सैल रिव्हेटभोवतीची काळी कड, गंजाची पांढरी भुकटी, हे फिक्या रंगावर लांबून दिसतं. काळ्यावर बॅटरी घेऊन शोधावं लागतं, आणि जे शोधावं लागतं ते राहून जातं. एकदम पांढराशुभ्र नको, फिका राखाडी घ्या. मॅटपेक्षा सेमी-ग्लॉस बरा, फडक्याने पुसता येतो. मॅट धूळ धरून ठेवतो.

पॉलिशचा मोह टाळा. विमानाच्या अल्क्लॅड पत्र्यावर गंज रोखणारा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर दर बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्केच असतो. ओरखडे काढायला सँडपेपर मारलात की तोच थर जातो आणि खालचा मिश्रधातू उघडा पडतो. कुणी पावडर कोटिंग सुचवलं तर पंखाच्या भागांना अजिबात नको. ते भट्टीत १८० ते २०० अंशांवर पक्कं करतात, आणि २०२४-टी३ या पंखाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याची गंज सोसायची ताकद त्या उष्णतेने घटते.

करायचं असं: स्कॉच-ब्राइटच्या घासणीने हलका हात, ॲसिटोनने पुसणं, अलोडाइन (गंज रोखणारं रसायन), इपॉक्सी प्रायमर, मग रंग. त्याआधी प्रत्येक नटप्लेटमध्ये (काचेच्या स्क्रूसाठी पत्र्याला कायमचा बसवलेला नट) एकेक जुना स्क्रू बसवा, नाहीतर आट्यांत रंग जाऊन काच बसवताना रडाल. रंगानंतर किमान आठवडाभर काच लावू नका. रंगातून थिनरची वाफ निघत राहते आणि ॲक्रिलिकला ती चालत नाही, स्क्रूच्या भोकांभोवती बारीक जाळी धरते. आणि खालच्या बाजूला पाणी निघायला एक भोक ठेवा, ते रंगाने बुजलं नाही ना ते बघा.

गॅरेजमधला_पंख

काका, मनापासून आभार. नटप्लेटचं मला खरंच सुचलं नसतं.

दोघांचं वाचून काल रात्री प्रयोग केला. पंख स्टँडवर ठेवला, नकाशावरून माप काढून पायलटचे डोळे जिथे येतील तिथे स्टुलावर बसलो. कोनाड्यात आधी पांढरा कागद लावला, मग काळा, मग स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल. इथे धुकं कुठून आणणार, म्हणून मुलीला झाडांवर पाणी मारायचा फवारा घेऊन काचेपुढे उभं केलं.

मागच्या भिंतीवर पडलेल्या झोतात तिन्ही वेळा मला काडीचा फरक दिसला नाही. एलईडीचं भिंग झोत स्वतःच बांधतं, कोनाड्याच्या भिंतीपर्यंत त्यातलं फारसं पोचतच नाही. तेलाच्या दिव्याचा उजेड चहूकडे जायचा, म्हणून आजीचा चुना कामाचा होता. फवारा मारल्यावर मात्र एव्हरेटकरांचं तंतोतंत खरं ठरलं. पांढऱ्या कागदाला काचेच्या वर ढग पेटला, फॉइलला त्याहून वाईट. काळ्याला जवळजवळ काही नाही.

मग पांढरा कागद परत लावून काचेच्या वरच्या काठाला आतून दोन इंचांची काळी चिकटपट्टी लावली. ढग गेला! म्हणजे फिका रंग आणि काळी पट्टी, दोन्ही जमतं?

पावसाळी_एव्हरेट

प्रयोग झकास. पण पट्टी काचेवर नको. तुमच्या उन्हात ४५ अंशांना काळी पट्टी किती तापेल बघ. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि डिंक वितळून ओघळेल ते वेगळंच. सावली दिव्यालाच दे, काचेला नको.

ओझरचे_काका

बरोबर. दिव्याच्या ब्रॅकेटवर पत्र्याचा छोटा छज्जा बसवा, खालून मॅट काळा. दोन स्क्रूंवर, म्हणजे तपासणीला काढता येईल. वायर त्याच्या कडेला घासणार नाही एवढं बघा, कड कानसून गोल करा.

गॅरेजमधला_पंख

आज सकाळी ०.०२५ इंची पत्र्याच्या तुकड्यातून छज्जा कापला आणि कडा गोल केल्या. पुठ्ठ्याचा नमुना आधी लावून फवाऱ्याखाली पाहिला होता, दिव्याच्या पुढे पाऊण इंच आला की पुरतो. त्याहून लांब केला तर झोताचा वरचा काठ खातो. राखाडी रंगाचा डबा आणलाय, स्क्रू नटप्लेटांत बसलेत. उजव्या पंखाचा कोनाडा शनिवारी रंगवतो.