पाचवा-सहावा महिना : नवऱ्याने काय काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बायकोला २२ वा आठवडा चालू आहे. उलट्या थांबल्या, ॲनॉमली स्कॅनही (बाळाचे अवयव नीट वाढताहेत का ते बघणारी सोनोग्राफी) व्यवस्थित झाला, त्यामुळे घरात सगळे म्हणतात, आता काळजी कसली? पण रात्री तिच्या पोटरीत असा गोळा येतो की ती कळवळून उठते. मी पाय सरळ करून चवडा तिच्या दिशेने वळवून धरतो, मग हळूहळू सुटतो. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलंय, लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यायला सांगितलंय. आणखी कशाने कुणाला आराम पडला का?

आम्ही पुण्यात धायरीला राहतो, तिचं ऑफिस पार हिंजवडीत. गाडीत बसून बसून कंबर भरून येते. तुम्ही प्रवासाचं काय केलंत?

आणि एक मनातलं. बाळ हललं की ती माझा हात पोटावर ठेवते, पण मला अजून काहीच लागत नाही. बाहेरून कळायला जास्त वेळ लागतो हे माहीत आहे, तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. बाबा लोकांनो, तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?

सिंहगड रस्ता किंवा कोथरूडकडे नवरा-बायको दोघांनाही घेणारे गरोदरपणातल्या व्यायामाचे वर्ग माहीत असतील तर नक्की कळवा. डोहाळजेवणाचं आई बघतेय, ती चिंता नाही.