गॉदफ्रुआ दार्कूरला फितूर म्हणायचं का?

प्रश्न: फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा हा सरदार डोक्यातून जात नाही. १३४६ मध्ये यानेच इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला स्वतःच्या मुलखात वाट दाखवली. क्रेसीच्या लढाईत हा इंग्रजांकडून, सख्खा भाऊ फ्रेंचांकडून. भाऊ तिथेच पडला. वर्ष सरायच्या आत हा फ्रान्सच्या राजापुढे माफीसाठी हजर!

उत्तर १: मी तरी लगेच फितूर म्हणणार नाही. एका वारसदार मुलीच्या लग्नावरून बेर्त्रां घराण्याशी वैर पेटलं, राजाने याचीच जहागीर जप्त केली. जाणार कुठे?

उत्तर २: पुढचं बघा. ५ एप्रिल १३५६, नॉर्मंडीतल्या रूआँचा किल्ला. युवराजाकडे जेवणं चाललेली. फ्रान्सचा राजा झाँ शिपाई घेऊन आत घुसला, गॉदफ्रुआच्या पुतण्याला पानावरून उठवलं आणि त्याच दिवशी मुंडकं उडवलं. काका पुन्हा एडवर्डकडे!

प्रश्नकर्ती: म्हणजे भाऊ गेला तेव्हा परतला, पुतण्या मारला तेव्हा उलटला. मला तर यात घराण्याची मायाच दिसते.

उत्तर १: ताई, इथे मात्र मी अडखळतो. स्वतःची सँ-सोव्हरची जहागीर त्याने घराण्याला नाही, एडवर्डला लिहून दिली. त्याच नोव्हेंबरात लढताना मारला गेला.