मदत हवी आहे: अंगणातलं तळं, लायनर आणि चढणारं पाणी

नमस्कार मंडळी. मुंबईत चारकोपला आमचं बैठं घर आहे, मागे थोडी जागा. तिथे ८ बाय ५ फूट, मधोमध २ फूट खोल तळं करायचंय. कडेला दगड, दोन कमळं, गप्पी मासे.

लायनरचा (पाणी जिरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या आवरणाचा) हिशोब असा धरलाय: लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्ही कडांना एकेक फूट, म्हणजे १४ बाय ११. बरोबर ना?

आता अडचण. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) प्लॅस्टिकचा कागद स्वस्तात मिळतोय, पण एवढ्याशा खड्ड्यात तो ताठ राहतो, कोपऱ्यात घड्यांचा नुसता डोंगर होतो. ईपीडीएम नावाचं लवचिक रबर छान बसतं म्हणे, पण किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा टब आण!" कोणी दोन्ही वापरलंय का?

खरी धास्ती पावसाळ्याची. आमच्याकडे जुलैत हातभर खणलं की पाणी लागतं. खालून दाब आला तर लायनर फुगून वर येईल, दगडही सरकतील. खाली खडी भरून पाण्याला वाट काढू, की खड्डा उथळ ठेवून कडा विटांनी उचलू? मला दुसरं पटतंय; रस्त्याचं घाण पाणीही आत येणार नाही.

दगड काळेच घेणार. धारदार कडांखाली जुनी सतरंजी चालेल की कुजेल?

आणि डास! पालिकेची माणसं साचलेलं पाणी बघायला येतातच. गप्पी पुरेत, की छोटा पंपही लावू?