शेजाऱ्यांनी केलेली मध्यस्थी म्हणजे नुसता फोटो? (थायलंड-कंबोडिया)

सडेतोड: काल इथे एकाने लिहिलं, "आसियान (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) हा फोटो काढायचा क्लब आहे, थायलंड-कंबोडियाच्या तोफा ट्रम्पच्या एका फोनने थांबल्या." डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. टॅरिफची धमकी होती, मान्य. पण २८ जुलै २०२५ ला कंबोडियाचे पंतप्रधान हुन मानेत आणि थायलंडचे तेव्हाचे हंगामी पंतप्रधान फुमथाम यांना मलेशियात पुत्रजायाला समोरासमोर बसवलं ते मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिमनी. धमकीला घाबरून माणूस बोलणीला येईल हो, पण पुढे वर्षभर सीमेवर कोण काय मोडतंय ते बघायला शेजारीच लागतो. दक्षिण अमेरिकेत बघा, इक्वेडोर-पेरू १९९५ ला सेनेपाच्या जंगलात लढले, ब्राझील, अर्जेंटिना, चिली आणि अमेरिका असे चार हमीदार, त्यांनी निरीक्षक ठेवले, पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे १९९८ ला तह झाला.

उत्तरा७: तिकडे झाला. इकडे २६ ऑक्टोबरला क्वालालंपूरला शांतता करारावर सह्या, १० नोव्हेंबरला सुरुंगावर थाई सैनिकाचं पाऊल गेलं, थायलंडने करार थांबवला, डिसेंबरात परत विमानं आणि रॉकेटं, २७ डिसेंबरला परत युद्धबंदी. २०११ ला याच सीमेवर चकमकी झाल्या तेव्हाही इंडोनेशियाचे निरीक्षक जायचं ठरलेलं, थाई लष्कराला नको होते, गेलेच नाहीत. याला नेतृत्व म्हणायचं?

कडाकपारी: मुळावर कोणी बोलतच नाही. १९०४ चा करार म्हणतो सीमा पाणी जिथे दोन्हीकडे विभागतं त्या रेषेने, आणि तेव्हा कंबोडियावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी १९०७ ला नकाशा काढताना सीमेवरचं प्रेह विहारचं देऊळ कंबोडियात घातलं. पायऱ्या थायलंडकडून चढतात, कंबोडियाकडून उभा कडा. कुठला न्याय हा?

सडेतोड: सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, तो नकाशा घेतला, छापला, कित्येक वर्षं हूं की चूं नाही. १९३० ला सयामचे राजपुत्र दामरोंग देवळात गेले तेव्हा फ्रेंच अधिकारी आपला झेंडा लावून स्वागताला उभा होता, तरी निषेध नाही. १९६२ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने ९ विरुद्ध ३ ने निकाल दिला तो यावरच.

कडाकपारी: पाहुणा म्हणून गेलेला माणूस यजमानाशी भांडणार का? गप्प बसला म्हणजे जमीन दिली, हे मला कधीच पटणार नाही!

उत्तरा७: तुम्ही दोघं देवळातून बाहेर या, माणसं मरतायत!!

सेंट्रिंग: मी जुलैत बँकॉकला साइटवर होतो. आमच्याकडे सळ्या बांधणारं एक कंबोडियन जोडपं होतं, पोरगी गावी आजीकडे, ओद्दार मिआंचेला, सीमेला लागूनच. गोळीबार सुरू झाला आणि दोन दिवस फोन लागेना. बाई सळ्या बांधता बांधता मधेच थांबायची, हातमोजा काढून फोन बघायची, परत घालायची. शेवटी पंधरा दिवसांची मजुरी तशीच सोडून दोघं गेली, ठेकेदाराने नंतरही दिली नाही. २८ च्या रात्री बातमी आली तेव्हा मी कोणी थांबवलं ते बघितलंच नाही, पहिला त्यांना फोन लावला.

उत्तरा७: हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. ठीक आहे, जुलैचं श्रेय अन्वरना देते, तेवढंच. पण निरीक्षकांना सुरुंग सापडतात त्या जागेवर जाऊ दिलं पाहिजे, दोन्ही लष्करांना न विचारता. ते होत नाही तोवर मी मत बदलणार नाही.

सडेतोड: यावर माझं भांडण नाही. पण लष्कराला न विचारता नेणार कोण, मलेशिया की ट्रम्प?

कडाकपारी: आणि नेताना हातात नकाशा कुठला देणार, १९०७ चाच ना?